शर्टाच्या खिशातला दुसरा फोन

माझी पहिली नोकरी कारखान्यांना पंप विकणाऱ्या एका कंपनीत होती. ऑफिस पनवेलला, पण महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी जायचे. वापी, वडोदरा, हैदराबाद. फिरतीवर माझ्याबरोबर बहुतेक वेळा एक काका असत. वयाने माझ्या वडिलांएवढे, मूळचे कोन गावचे, राहायला सुकापूरला. मला ते ‘बाय’ म्हणायचे, त्यांच्याकडे घरातल्या लेकीसुनांना म्हणतात तसं.

काकांच्या बॅगेत टॅब्लेट आणि कंपनीचा मोठा फोन असायचा. शिवाय शर्टाच्या खिशात बटणांचा एक छोटा फोन. मोठा फोन ते बिनदिक्कत बंद करून ठेवत, छोटा कधीच नाही. तो वाजला की समोर कोणीही बसलेलं असो, उठून बाहेर जात. मी हसायचे. माझं तिकीट, नकाशा, फोटो, ऑर्डरी, सगळं एकाच फोनमध्ये होतं आणि त्याचा मला अभिमान होता.

एकदा ऑफिसने ठरवलं की फिरतीवरच्या माणसांना एकच चांगला फोन द्यायचा. दोन्ही सिमकार्डं त्यातच, टॅब्लेटचं कामही त्यातच. लोकांना काय वाटतं ते विचारायचं काम माझ्याकडे आलं. बहुतेकांना ओझं कमी होणार म्हणून आनंद झाला. एकाला भीती वाटली की घरचं बोलणंही ऑफिसला कळेल. काका एवढंच म्हणाले, “माझे दोन बरे आहेत.”

“पण का?”

“दोन कामं आहेत, म्हणून दोन फोन.”

कारण मला पुढे वडोदऱ्याच्या गाडीत कळलं. छोटा फोन वाजला आणि काका म्हणाले, “आलोच. पनवेलला पोचलो.” गाडी तेव्हा सुरतेच्या पुढे गेली होती. मी बघत राहिले, तेव्हा त्यांनी सांगितलं. काकींना विसरायला होत होतं. दोन वर्षांत बरंच वाढलं होतं. काकी उरणकडच्या कोळीवाड्यातल्या, पूर्वी मासळीचा सगळा हिशोब तोंडी करणाऱ्या. आता त्यांना घरच्या फोनचं एकच बटण दाबता येत होतं. ते दाबलं की काकांचा छोटा फोन वाजायचा.

“दिवसातून वीस वेळा विचारते, कुठं हाव तुमी? खरं सांगितलं तर घाबरते. पनवेल म्हटलं की गप बसते.”

एवढं ऐकूनही मी हट्ट सोडला नाही. आज हे लिहिताना मला माझंच आश्चर्य वाटतं. मला वाटलं, ही तर फारच सोपी गोष्ट आहे. तोच नंबर नव्या फोनमध्ये घालायचा, काकींना फरक काय कळणार? मी आठवडाभर काकांच्या मागे लागले. शेवटी ते म्हणाले, “तू म्हणतेस तर कर, बाय.” सिम मीच बदललं. ऑफिसच्या नियमाप्रमाणे मीटिंगच्या वेळी फोन आपोआप गप्प राहील अशी सोयही मीच लावली. त्यातून एखादा नंबर वगळता येत होता. तेवढ्यात साहेबांनी हाक मारली. काकींचा नंबर नंतर वगळू, असं मनाशी म्हटलं आणि विसरले.

पुढच्याच आठवड्यात वडोदऱ्याच्या एका कारखान्यात आमची मीटिंग जेवणानंतर सुरू झाली आणि तीन तास चालली. काका निवांत होते. मध्ये एकदा माझ्याकडे वाकून म्हणाले, “आज झोपली वाटतं ती.” बाहेर आल्यावर त्यांनी फोन हातात घेतला आणि तिथेच पायरीवर बसले. काकींचे फोन येऊन गेले होते, एकापाठोपाठ एक. शेवटचा येऊन तासाहून जास्त वेळ झाला होता.

घरी फोन लावल्यावर कळलं. काकींना सांभाळणारी बाई दळण आणायला गेली असताना त्या एकट्याच बाहेर पडल्या होत्या. रिक्षा स्टँडवर उरणची गाडी कुठून सुटते ते विचारत होत्या. ओळखीच्या एका रिक्षावाल्याने त्यांना घरी आणून सोडलं होतं. लागलं-खुपलं काही नव्हतं. मी म्हटलं, “बरं झालं, सुखरूप आहेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पनवेलला उतरलो. मी त्यांच्याबरोबर सुकापूरला गेले. काकी पलंगावर बसल्या होत्या. काका जवळ जाऊन म्हणाले, “आलो गं.”

काकींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ते अजून आले नाय,” त्या म्हणाल्या. “बसा तुमी. येतील ते.”

काका बसले. परक्याच्या घरी बसतात तसे, खुर्चीच्या कडेवर.

डॉक्टर म्हणाले की हे आज ना उद्या होणारच होतं. असेलही. पण त्यानंतर काकींनी ते बटण पुन्हा दाबलं नाही. काकांनी सिम परत छोट्या फोनमध्ये घातलं, तो फोन खिशात घेऊन ते महिनाभर फिरले. बोलता बोलता मध्येच खिसा चाचपून बघत. मग त्यांनी नोकरी सोडली. ऑफिसात कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “फोनचं मला नीट जमलं नाही. माझंच चुकलं.” मी समोरच उभी होते. माझा अहवाल वर गेला, त्यात सगळे समाधानी आहेत असं लिहिलं होतं. मी तो बदलला नाही आणि तोंडही उघडलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात ते दोघं मला सुकापूरच्या भाजीबाजारात दिसले. काकींनी त्यांचं मनगट घट्ट धरलं होतं. काकांनी ओळख करून दिली, “ही आमच्या ऑफिसातली.” काकी हसून मला म्हणाल्या, “हे भाऊ लय चांगले हायत. रोज मना बाजारात आणतात.”

काका कोथिंबीर निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी पिशवी धरायला हात पुढे केला, तर म्हणाले, “राहू दे, बाय. जड नाही.”