ओकार लावलेली हळद

लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी मी नवऱ्याला कच्चा सुरण दुधात किसून पाजला, आणि तोही मुलाखतीच्या आदल्या दिवशी. आता नातवंडं हसतात. हसू देत. पण तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. ह्यांच्या बँकेनं आम्हाला पुण्याहून उचलून कलकत्त्यात टाकलं होतं. भवानीपुरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली घरमालकीणबाई. त्यांना मी माशीमा म्हणायची, त्या मला बोउमा, म्हणजे सूनबाई. माझ्याकडे माहेरून आणलेली एक वही होती: रक्ताला बीट, डोळ्यांना गाजर, उष्णतेला दुधी, खोकल्याला आलं. कुणी शिंकलं की वही उघडलीच. माशीमांना मी दुधीचा रस इतक्यांदा पाजला होता, की मी जिन्यावर दिसले की त्या घाईघाईनं पूजेला बसायच्या.

अशात ह्यांना बढतीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. पास झाले तर पुण्याची बदली. मला पुणं इतकं हवं होतं, की मी झोपेतसुद्धा मंडईत भाजी घेत असे. आणि नेमका शनिवारी ह्यांचा घसा बसला. वहीत लिहिलं होतं: ओली हळद, किसून, गरम दुधातून.

रविवारी सकाळी पिशवी घेऊन मी बाजारात गेले. बंगालीबद्दल माझा एक सिद्धान्त होता: शब्दाला जागोजाग ओकार लावला की झाली बंगाली. जलाचं त्यांनी जोल केलंय, मग ओल्या हळदीचं काय अवघड? मी ठसक्यात म्हटलं, "ओल होलोद!"

"ओल आर होलुद?" भाजीवाल्यानं विचारलं.

"हां, हां!"

त्यानं एका भल्या मोठ्या गड्ड्याची पिवळसर गुलाबी फोड कापून दिली, आणि कागदात दोन सुकी हळकुंडं. मला वाटलं, हळकुंडं वर दिली, आपल्याकडे कोथिंबीर देतात तशी. आणि ती फोड? इथले मासे मोठे, इथल्या बायकांचे डोळे मोठे, हळदही मोठी असेल. सुरण माहेरी कधी शिजलाच नव्हता. वडिलांना त्याचं नावही चालत नसे.

किसताना हात खाजायला लागले. मी खूश. म्हटलं, औषधात जोर आहे.

ह्यांनी दोन मोठे घोट घेतले, पेला खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी गळा धरला. "अगं..." एवढंच आलं बाहेर. मी किंचाळले. माशीमा धापा टाकत वर आल्या, उरलेली फोड बघितली आणि कपाळावर हात मारला.

"बोउमा, ए तो ओल! ओल तो अर्शेर ओशुध!"

ओल म्हणजे सुरण (भाजीवाल्यानं 'सुरण आणि हळद?' असं विचारलं होतं), आणि अर्श म्हणजे मूळव्याध. म्हणजे औषध मी खरंच दिलं होतं, फक्त टोक चुकलं होतं.

माशीमांनी चिंचेचा कोळ चाटवला, तेव्हा कुठे दुपारपर्यंत खाज उतरली. आवाज मात्र पार गेला. सोमवारी तरीही हे गेले, गळ्याला माझा मफलर गुंडाळून. तीन साहेब समोर बसलेले, आणि ह्यांच्या तोंडून गंजलेल्या फाटकासारखा आवाज. दुपारी घरी येऊन ह्यांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर लिहिलं, 'दुसऱ्याला मिळालं.' मी ट्रंक उघडली, वही तळाशी घातली, आणि झाकणावर बसून रडले.

ह्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावणार कसा, आवाजच नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी चहा पिताना तो परत आला. मी कणकेचे हात तसेच घेऊन धावले. हे दोनदा खाकरले, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले:

"पुण्याला जायचं नव्हतं तर सरळ सांगायचंस ना गं, एवढा सुरण कशाला किसत बसलीस?"