डेगीवरचं नाव

मी एम.ए.ला 'राजकीय हिंसाचार' हा विषय घेतला तेव्हा आमच्या भावकीत हसू पिकलं. एक चुलते म्हणाले, मारामारी शिकायला विद्यापीठात कशाला जायचं, पेरणीच्या टायमाला आपल्या बांधावर येऊन उभी रहा, फुकटात शिकशील. आईचं म्हणणं, पोरीच्या जातीला शोभेल असा दुसरा विषयच नव्हता का. वडील काहीच बोलले नाहीत. ते एकूणच कमी बोलत. मी पडले तोंडाळ, त्यामुळे घरात शांतता अशी फारशी नसायची.

आमचं गाव देवगाव रंगारीला उतरून पुढं पायी जाण्याच्या अंतरावर. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मी मुलींच्या वसतिगृहात राहायचे. विद्यापीठ डोंगराच्या पायथ्याशी. उन्हाळ्यात वर्गाच्या खिडकीतून असा काही फुफाटा आत यायचा की वहीचं पान उलटताना बोटांना माती लागायची. पहिले काही महिने आम्ही हिंसेवरची जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचली. त्यात दूरदेशीच्या क्रांत्या होत्या, कत्तली होत्या, राजांची उडवलेली मुंडकी होती. मला सगळं समजतंय अशी माझी खात्री होती. परीक्षेपुरतं समजतही होतं.

तो विषय शिकवणारे सर बुटके आणि तापट होते. कोटाच्या खिशात कायम फुटाणे, आणि चांगलं उत्तर दिलं की हातावर चार फुटाणे ठेवायचे. एके दिवशी त्यांनी आम्हाला पुस्तकं मिटायला लावली आणि विचारलं, कुणाकुणाच्या घरी अजून 'रझाकारात' आणि 'ॲक्शनात' अशी वर्षं सांगतात? सगळ्यांचे हात वर गेले. आमच्याकडं तर वयंच तशी मोजत. धाकटी आत्या रझाकारातली, मळ्यातली विहीर ॲक्शननंतरची. निजामाचं राज्य टिकवायला निघालेल्या रझाकारांनी गावोगाव केलेला जुलूम, मग भारताच्या फौजेची पोलीस ॲक्शन, आणि निजाम शरण गेल्यावर कितीतरी गावांत निरपराध मुसलमानांवर उगवलेला सूड. यातला पहिला भाग आम्हाला तोंडपाठ होता. दुसऱ्याची दरसाल शाळेतून प्रभातफेरी निघायची. तिसऱ्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. सर म्हणाले, प्रबंध लिहायचा तो या तिसऱ्यासकट.

त्यासाठी त्यांची एक पद्धत होती, आणि ती कुठल्या पुस्तकातली नव्हती. स्वतःच्या घरी विचारायचं नाही. जोड्या लावायच्या, तू हिच्या घरी जायचं, हिनं तुझ्या घरी. "लेकरासमोर माणूस एक तर शूर होतो, नाय तर मुका," असं ते म्हणत. माणसासमोर कागद काढायचा नाही. ऐकलेलं आधी जोडीदाराला तोंडी सांगायचं, तेही सांगणाऱ्यानं हो म्हटलं तरच. लिहायचं त्यानंतर. आणि लिहिताना माणसाचं नाव नाही, गावाचं नाव नाही. ती सवय अशी हाडीमाशी खिळली की आज हे लिहितानाही मी कुणाचं नाव घालत नाहीये.

माझी जोडी छावणीतल्या एका मुलीशी लागली. तिचे वडील तिथल्या बाजारात शिंपीकाम करायचे, फौजी लोकांचे गणवेश शिवायचे. ती घरी दखनी बोलायची आणि वर्गात माझ्यापेक्षा शुद्ध मराठी, आणि माझ्या 'लई'वरून मला चिडवायची. निजामाच्या काळातले कागद वाचता यावेत म्हणून सरांनी आम्हा सगळ्यांना उर्दू अक्षरं शिकायला लावली होती. मला ती तिनं कँटीनमध्ये चहाच्या कपाशेजारी टेबलावर पाण्यानं काढून शिकवली. माझं अक्षर बघून म्हणायची, कोंबडी चालून गेल्यासारखं दिसतंय.

मी तिच्या आईकडं चार-सहा वेळा गेले. त्यांनी मला काय सांगितलं ते इथं लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. एवढंच सांगते की सांगून झाल्यावर त्या माझी वेणी सोडून पुन्हा नीट घालायला बसल्या, आणि मी ती घालू दिली.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले. सामानाच्या खोलीत आमची डेग ठेवलेली होती. तांब्याची ती भलीमोठी डेग गावातल्या सगळ्या लग्नांना जायची, मग लग्न कुणाचंही असो, कुठल्याही जातीचं असो. वडील स्वतः तिला दरवर्षी कल्हई करून आणत आणि स्वतः पोचवून येत. तिच्या गळ्याशी नक्षी होती. आम्ही भावंडं लहानपणी त्या नक्षीला वेल म्हणायचो. मी तर त्यातली पानंसुद्धा मोजली होती. त्या दिवशी मी जात्याजवळची सुपं काढायला वाकले आणि माझं लक्ष गेलं. वेल नव्हतीच ती. अक्षरं होती. कोंबडीच्या चालीनं का होईना, मला आता वाचता येत होतं. ते एका मुसलमान माणसाचं नाव होतं.

भांड्यावर नाव घालायची रीत आमच्याकडं सगळ्यांचीच. नाव ज्याचं, भांडं त्याचं. तिसऱ्या भागाबद्दल मी तोवर बरंच ऐकलं होतं. रिकाम्या घरांतून काय काय उचललं गेलं, ते मला ठाऊक होतं. तेव्हा वडील ऐन विशीत असणार. त्या गर्दीत माझे वडील होते का, एवढा एकच प्रश्न मग माझ्या डोक्यात राहिला. आणखीही एक गोष्ट आठवली. ज्या लग्नात आमची डेग चढायची त्या लग्नात वडील कधी जेवत नसत. घरून फडक्यात भाकरी बांधून न्यायचे. माझ्या ताईच्या लग्नातही त्यांनी मांडवामागं बसून ती भाकरी खाल्ली होती. आम्ही समजायचो, यांना बाहेरचं पचत नाही.

औरंगाबादला परतल्यावर मी तडक सरांकडं गेले, सगळं सांगितलं आणि म्हटलं, माझी जोडी बदला. माझ्या घरी तिनं जायला नको. मला भीती वाटते. सरांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत, याचंच मला नवल वाटलं. खिशात हात घालून फुटाणे काढले, माझ्या हातावर ठेवले.

"जोडी देतो ना बदलून. डेग कशी बदलून देऊ?"

मी जोडी बदलली नाही. मैत्रिणीलाही डेगीचं काही बोलले नाही.

ती आमच्या गावी आली तो दिवस ज्वारीच्या राखणीचा होता. आईनं तिला आग्रह करकरून जेवू घातलं, शेंगदाण्याच्या चटणीवर तेल ओतून ओतून. मग सरांच्या शिस्तीप्रमाणं मी घराबाहेर पडले आणि मळ्यात विहिरीच्या काठावर जाऊन बसले. तिथं बसून मी पाखरं हाकलायचं सोंग करत होते. वडील त्या गर्दीत नव्हते असं कळावं म्हणून मी आमच्या मळ्यातल्या म्हसोबाला नारळ बोलले. हिंसाचाराचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारी मी.

उन्हं कलली तेव्हा ती बांधावरून येताना दिसली. माझ्याशेजारी बसली. आधी पाणी मागितलं.

मग तिनं सांगितलं. ती रझाकाराबद्दल किंवा ॲक्शनबद्दल काही विचारूच शकली नाही. पाणी आणायला वडील सामानाच्या खोलीत गेले, दारातून तिला डेग दिसली, आणि तिनं गळ्याशी लिहिलेलं नाव सहज मोठ्यानं वाचलं. वडील हातातला तांब्या घेऊन तसेच उभे राहिले. आमच्या घरात ते नाव तोवर कुणी उच्चारलं नव्हतं. मग ते बसले आणि बोलले, तेही उर्दूत. माझे वडील निजामाच्या शाळेत उर्दूत शिकले होते, हे मला माहीत होतं. पण ते उर्दूत बोलतात, हे मला तिच्याकडून कळलं.

ते नाव गावातल्या बांगडीवाल्याचं. भरलं घर, मुलं-नातवंडं मोप. मोहरमात त्यांच्या दारी याच डेगीत खिचडा शिजायचा आणि गावभर वाटला जायचा. वडिलांनी लहानपणी तो ओंजळीत घेऊन खाल्लेला. रझाकारांनी आमची गंजी जाळली, माझ्या थोरल्या चुलत्यांना मारून लुळं केलं. त्यात या बांगडीवाल्याचा काडीचा हात नव्हता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तरी ॲक्शन झाली आणि बाहेरून जमाव आला, तेव्हा ते घर पळालं, आणि गाव त्या घरात शिरलं. वडीलही शिरले. "सगळे नेत व्हते, मंग म्या बी नेली," हे वाक्य तेवढं त्यांनी मराठीत म्हटलं होतं.

काही महिन्यांनी त्या घरातली बाई एका लेकीला घेऊन परत आली. बाकीचं कुणी आलं नाही. वडिलांनी डेग खांद्यावर घेतली आणि भर उजेडी, सगळ्यांदेखत तिच्या दारात नेऊन ठेवली. तिनं ती घेतली नाही. म्हणाली, एवढ्या डेगीत शिजवावं इतके खाणारे आता माझ्या घरात नाहीत. लोकांच्या लग्नाला देत जा. पुढं ती लेकीच्या सासरी निघून गेली. डेग आमच्याकडं राहिली.

"मी विचारलं, हे तुमच्या मुलीला सांगू का," मैत्रीण म्हणाली. "ते म्हणाले, सांग. माझ्या तोंडून तिला सांगणं नाय व्हायचं."

मी रडले. राग आला, लाज वाटली, आणि इतक्या वर्षांचं त्यांचं ते मांडवामागं बसणं आठवून माया दाटून आली, सगळं एकदमच. मग मी तिला विचारलं, तुला त्यांचा राग नाही आला?

"आला ना. पण 'दिवसच तसे होते' असं ते एकदाही म्हणाले नाहीत."

घरी आले तेव्हा वडील गोठ्यात होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. त्यांना कळलं मला कळलंय. त्यांनी विचारलं, पोरगी नीट जेवली का? मी म्हटलं, जेवली. मग मी बैलांपुढं वैरण टाकली आणि आम्ही दोघं घरात गेलो.

आता मी याच शहरात, पुंडलिकनगरात राहते, माझी नातवंडं मला 'हिंसावाली आजी' म्हणतात आणि मी त्यांना चापट मारते. त्या प्रबंधाला बरे गुण पडले होते. तो कुठल्या कपाटात धूळ खातोय देव जाणे. पण त्या अभ्यासानं मला माझे वडील दिले. तो नसता तर भाकरी बांधून नेणारा एक अबोल माणूस, एवढीच त्यांची ओळख माझ्याजवळ उरली असती. सरांचे आणि त्या मैत्रिणीचे उपकार मी या जन्मात फेडू शकत नाही, आणि फेडायची मला घाईही नाही.

एम.ए. झाल्यावर दोन-तीन वर्षांनी त्या मैत्रिणीचं लग्न ठरलं. छावणीत, घरासमोरच्या मोकळ्या जागेत मांडव पडला. मी गावी कळवलं होतं, पण वडील येतील असं वाटलं नव्हतं. ते आले. नवी कोरी कल्हई केलेली डेग एसटीच्या टपावर बांधून आणली होती, आणि स्टँडवरून छावणीपर्यंत टांग्यात ती पुढ्यात धरून बसले होते. बिर्याणीची भांडी बावर्च्याची त्याचीच होती. आमच्या डेगीत त्यानं मीठा चढवला, केशर घातलेला गोड भात. वडील चुलाण्यापाशी उभे राहून जाळ बघत होते. पंगती बसल्या तसे ते मांडवामागं गेले आणि फडक्याची गाठ सोडू लागले.

मी आत जाऊन मैत्रिणीला सांगितलं. ती नवरी होती, मेंदीभरल्या हातांनी बायकांत बसलेली, तिला उठता येत नव्हतं. तिनं बहिणीला मीठ्याची एक ताटली भरून आणायला लावली आणि ती माझ्या हातात दिली.

"चच्चा कू जाके बोल, आज इस घर में खानेवाले भोत हैं."

मी तशीच मांडवामागं गेले. वडिलांसमोर ताटली ठेवली आणि तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. मग त्यांनी फडक्याची गाठ परत मारली, हात धुतले आणि जेवायला सुरुवात केली. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. ताटली रिकामी झाली तशी माझ्यापुढं धरली आणि म्हणाले, अजून थोडा आण.