मान तिरकी करून ऐकणारे गृहस्थ

नव्वदच्या सुमारास नवीन पनवेलमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांकडे स्वतःची गाडी नव्हती. इतरांच्या गाड्यांचे निदान मात्र ते न विचारता करत. कोणाचीही जुनी गाडी उभ्या जागी थरथरू लागली की ते मान तिरकी करून ऐकत आणि म्हणत, "मिसिंग आहे. एक प्लग गेलाय. काढून बघा." निदान बहुधा बरोबर निघे, म्हणूनच ते कोणाला आवडत नसे.

त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे ठरले, तेव्हा त्यांच्या पत्नीने मला बोलावून घेतले. "भाऊजी, यांच्या शेजारीच बसा. बोलणं गाड्यांवर आलं की विषय बदला."

पाहुणे पेणहून, कर्नाळ्याची खिंड ओलांडून, जुन्या गाडीने आले. निघताना मुलाच्या वडिलांनी इंजिन सुरू केले, तसे बॉनेट थडथडू लागले.

"तुम्हाला गाड्यांतलं कळतं म्हणे," ते म्हणाले. "कशी वाटते आमची?"

गृहस्थांनी मान तिरकी केली. पत्नी दारातून बघत होती.

"झकास," ते म्हणाले. "कुठे हात लावू नका."

फाटकापाशी गाडी बंद पडली. इस्त्रीच्या शर्टातल्या गृहस्थांनी आणि मी ती ढकलून सुरू करून दिली.

होकार आला. व्याह्यांनी सल्लाही तंतोतंत पाळला. पाठवणीला मुलगी त्याच थरथरत्या गाडीत बसली. सगळे तिच्याकडे बघून डोळे पुसत होते. वडील बॉनेटपाशी मान तिरकी करून उभे होते.

"अहो, मुलगी इकडे आहे," पत्नी म्हणाली.

"म्हणूनच ऐकतोय."