दोन होत्या

सिझेरियनची तारीख आधीच ठरलेली असली की लोकांना वाटतं, बरं आहे बाई, कळा नाहीत की धावपळ नाही, सकाळी अंघोळ करून जायचं आणि दुपारपर्यंत बाळ हातात. नॉटिंगहॅममधल्या माझ्या मैत्रिणीही असंच म्हणायच्या. मी हो हो म्हणायचे. माझ्या पोटात दोघी होत्या आणि त्यातली एक गेलेली होती, हे दरवेळी कोण सांगत बसणार?

आठव्या महिन्यातल्या स्कॅनला कळलं. स्कॅन करणारी मुलगी आधी छान गप्पा मारत होती, मग गप्प झाली आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. डॉक्टरीणबाई आल्या, स्टूल ओढून माझ्या डोक्याशी बसल्या आणि म्हणाल्या, एका बाळाचं हृदय बंद पडलंय. दुसरी ठीक आहे. पण तिला आत्ताच बाहेर काढणं तिच्यासाठी चांगलं नाही, अजून काही आठवडे तिला पोटात राहू दे. ती पायाळू होती, म्हणून सिझेरियन. म्हणजे तोवर मी दोघींना घेऊन फिरायचं. माझा नवरा डॉक्टरांना तीच तीच गोष्ट पुन्हा विचारत राहिला आणि मी त्याच्यावर डाफरले, की इंग्रजी कळत नाही का तुला. मी मुळातच तिरसट. दुःख झालं की माझा आधी आवाज चढतो.

ते आठवडे वाईट गेले. एवढं मोठं पोट बघून बसमध्ये लोक उठून जागा द्यायचे. एक आजीबाई म्हणाली, ट्विन्स का, हाऊ लव्हली. मी थँक यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार? रात्री कूस बदलली की डावीकडून लाथा बसायच्या आणि उजवीकडे काही नाही. मी उजव्या बाजूवर हात ठेवून झोपायचे.

बाळंतपणाला आई नाशिकहून आली. बाबांना दम्याचा त्रास, त्यामुळे ते आले नाहीत. नवऱ्याने तिला फोनवर सगळं सांगितलं होतं. मला वाटलं, एअरपोर्टवर ती गळ्यात पडून रडेल आणि मलाही एकदाचं रडता येईल. ती रडली नाही. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, माझ्या कानाला स्कार्फ गुंडाळला, आणि गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली की आता त्या विषयावर बोलायचं नाही. जी आहे तिच्याकडे बघायचं. घरी येऊन तिने बॅग उघडली. डिंक, अळीव, बाळंतशेपा, खारीक, सगळं निघालं. दुपट्यांची चळत निघाली. मी ती चळत बघत होते आणि ती मला बघू देत नव्हती, भराभर कपाटात ठेवत होती.

ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलने सगळं समजावून सांगायला बोलावलं. आईही आमच्याबरोबर आली. पन्नाशीची एक मिडवाइफ होती. तिने अगदी शांतपणे सांगितलं की पाठीत इंजेक्शन देतील, पाय बधिर होतील, छातीपाशी पडदा लावतील, नवऱ्याला डोक्याशी बसता येईल. दुखणार नाही, पण कुणीतरी पोटात भांडी घासतंय असं वाटेल. नंतर लघवीची नळी, पायात घट्ट मोजे, रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शनं, आणि गॅसेस झाले तर पेपरमिंटचं पाणी. खोकताना, हसताना पोटावर उशी दाबून धरायची. बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. मी माना डोलवत होते. मग तिने हातातली पेपरं बाजूला ठेवली आणि विचारलं, दुसरं बाळही जन्माला येणार आहे. तुला तिला बघायचंय का? जवळ घ्यायचंय का? तिचं काही नाव ठेवलंय का?

नवऱ्याने आईला मराठीत सांगितलं. आई खुर्चीतून अर्धी उठलीच. अजिबात नाही, म्हणाली. बघितलंस तर ते डोळ्यासमोरून जाणार नाही, दूध आटेल, मग त्या जगलेल्या पोरीने काय करायचं? आपल्यात असं बघत नाहीत, नाव तर नाहीच नाही. नवऱ्याला काय वाटतं ते मी विचारलं नाही. मी मिडवाइफला म्हटलं, मी बघणार. नाव नाही, कारण आमच्यात नाव बारशाला ठेवतात, पण बघणार. आईला इंग्रजी फार येत नव्हतं, पण तेवढं कळलं. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली.

ऑपरेशनच्या दिवशी सगळं त्या बाईने सांगितलं होतं तसंच झालं. थिएटरमध्ये रेडिओ चालू होता. थंडी वाजत होती, दात वाजत होते. पोटात भांडी घासल्यासारखी ओढाताण झाली आणि एकदम रडण्याचा आवाज आला. पडद्यावरून लालभडक तोंडाची, संतापलेली पोर दाखवली. माझ्यावर गेली होती बिचारी. नवरा रडत होता. मग पुन्हा ओढाताण झाली. या वेळी सगळे हळू बोलत होते. कुणीतरी जाऊन रेडिओ बंद केला.

टाके घालून मला दुसऱ्या खोलीत आणल्यावर मिडवाइफने तिला आणलं. आधी सांगितलं की त्वचा फार नाजूक झाली आहे, रंग गडद आहे, घाबरू नकोस. पांढऱ्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली, डोक्यावर कुणीतरी विणलेली पिवळी टोपी. मी घाबरले नाही. ओठ काळपट लाल होते, हनुवटी माझ्या नवऱ्याची. किती हलकी होती. मी तिला डाव्या हातावर घेतलं आणि उजवीकडे ती दुसरी भुकेने ओरडत होती. नवऱ्याने एकदा वाकून बघितलं, टोपीवर बोट ठेवलं आणि बाहेर गेला. बाहेर कॉरिडॉरमध्ये आई बसलेली होती. मी मिडवाइफला म्हटलं, माझ्या आईला विचार येतेस का. ती माझ्या नवऱ्याकरवी विचारून आली आणि म्हणाली, तुझी आई म्हणते, मोठी झोपली की येते. मोठी झोपली तोवर धाकटीला घेऊन गेले होते.

दूध आलं. भरपूर आलं. मी ते आईला मुद्दाम सांगितलं, टोमणा मारायचा म्हणूनच.

तसं म्हटलं तर आईने माझं काय केलं नाही? पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा वाटलं, पोट उसवून खाली पडतंय. नर्स एका बाजूने आणि आई दुसऱ्या बाजूने. घरी आल्यावर ती मला अंघोळ घालायची, टाक्यांना पाणी लागू नये म्हणून स्वतः ओलीचिंब व्हायची. पोट बांधता येत नाही याचं तिला फार वाईट वाटायचं. अळिवाची खीर, शेपूची भाजी, तुपाने थबथबलेला भात. पोरीला तेल लावून पायांवर झोपवून न्हाऊ घालायची तेव्हा आमच्या त्या एवढ्याशा बाथरूममध्ये तिचं गाणं घुमायचं. मी दारात उशी पोटाशी धरून उभी राहायचे. मला वाटायचं, एकदा तरी ही म्हणेल की दोन असत्या तर एवढ्या जागेत कसं झालं असतं. बस, एवढंच. मला दुसरं काही नको होतं. माझ्या धाकट्या मुलीला घरातल्या एका माणसाने मोजावं, एवढंच हवं होतं. नवरा तर बोलतच नव्हता. ऑफिसला जायचा, यायचा, भांडी घासायचा.

एके दुपारी मी अर्धवट झोपेत होते. आई फोनकार्ड वापरून मावशीशी बोलत होती. "नाही गं," ती म्हणाली, "एकच झाली. आधी ते दोन-दोन म्हणत होते, पण एकच."

मी उठले कशी ते मला आठवत नाही. उशी घेतली नाही, टाके चरकन ओढले. काय बोलले तेही धड आठवत नाही, पण पुष्कळ बोलले. तू कॉरिडॉरमध्ये बसून राहिलीस, असं बोलले. तिला जन्म मी दिलाय, तू तिला पुसून टाकायचं काय काम, असं बोलले. आईने फोन ठेवला. माझं संपल्यावर ती म्हणाली, "एकच म्हणायचं. गेलेलीचं नाव घेतलं की ती हिला बोलावते. मला ही जगायला हवीय." आणि स्वयंपाकघरात गेली. मला त्या क्षणी ती अडाणी, दगडाच्या काळजाची वाटली. नंतर रात्रभर पोरीच्या श्वासावर हात ठेवून मीच जागी राहिले, इतकी तिची भीती मला लागली.

धाकटीला पुरायचं ठरलं त्या सकाळी मला ताप भरला. टाक्याच्या एका टोकाला लाल होऊन पू झाला होता. घरी तपासायला येणारी मिडवाइफ म्हणाली, हिने कुठेही जायचं नाही, आजच अँटिबायोटिक सुरू करा. त्यामुळे नवरा एकटा गेला, हॉस्पिटलच्या माणसांबरोबर. मी पलंगावर पडून घड्याळाकडे बघून रडत होते. तो परत आला तेव्हा बुटांना चिखल होता. आईने दारातच सांगितलं, तुम्ही आधी अंघोळ करा, मग पोरीला घ्या. कुठून आलात, कसं झालं, एक शब्द नाही. त्यानेही मान हलवली आणि वर गेला. मला दोघांचाही राग आला. जागा कशी आहे, हे मी त्याला फार उशिरा विचारलं. झाड आहे का, विचारलं. आहे, म्हणाला.

सवा महिना झाल्यावर बारसं केलं. मला नको होतं, पण आई महिनाभरात परत जाणार होती आणि नाव न ठेवता ती हलली नसती. इथल्याच तीन मराठी मैत्रिणी आल्या. जुळ्यांचं त्यांना एव्हाना कळलं होतं, पण कुणी विषय काढत नव्हतं. सगळ्या जपून बोलत होत्या. पाळणा कुठला, डायनिंगच्या दोन खुर्च्या थोड्या अंतरावर ठेवून त्यावर मोझेस बास्केट, म्हणजे बाळाला झोपवायची वेताची टोपली, टेकवली, खालून हात जाईल अशी. घुगऱ्या शिजल्या होत्या. नणंद येऊ शकली नाही, तेव्हा त्यातल्या कोल्हापूरच्या मैत्रिणीला आत्या केलं. तीच घरून वरवंटा घेऊन आली होती. लग्नानंतर बॅगेतून आणलेला, त्यावर एअरलाइनशी भांडलेली. बारशाला बाळाआधी वरवंटा लागतो ना. त्याला बाळासारखं सजवतात, पाळण्याखालून आणि वरून बायका एकमेकींना देतात, मग पाळण्यात ठेवतात. मग बाळ. मग आत्या कानात नाव सांगते आणि बाकीच्या तिच्या पाठीत धपाटे घालतात.

आमच्या या आत्याने सगळं अगदी सवयीने केलं. माझ्या मुलीचं एक दुपटं घेतलं, वरवंटा त्यात गुंडाळला, वर टोपडं बांधलं, कुंकू लावलं. घ्या-घ्या म्हणत तो बास्केटच्या खालून गेला, वरून आला, आणि तिने तो आत ठेवला. मग माझ्या मांडीवरून पोर उचलून त्याच्याशेजारी झोपवली.

बास्केटमध्ये दोघी दिसल्या. सारख्या कपड्यांत, एक पाय झाडत होती आणि एक नाही. सगळ्यांना एकदमच कळलं. कोल्हापूरच्या मैत्रिणीने तोंडावर हात नेला. नवरा दारात कॅमेरा घेऊन उभा होता, त्याने तो खाली केला. मी खाली वाकले आणि वरवंटा उचलून छातीशी धरला. जड होता, गार होता. ती जड नव्हती. एक मैत्रीण हळूच म्हणाली, दे गं इकडे, जड उचलू नकोस. मी दिला नाही. मी मोठमोठ्याने रडायला लागले, सगळ्यांसमोर, सणासुदीच्या साडीत. मला वाटलं, आता आई रागावणार, शुभ कार्यात हे काय म्हणून.

आई स्वयंपाकघरातून आली. हाताला घुगऱ्यांचं पाणी होतं, ते तिने पदराला पुसलं. माझ्यासमोर बसली, मी धरलेला वरवंटा माझ्या हातांसकट स्वतःकडे ओढला आणि त्या टोपड्यापाशी, कान असता तिथे, तोंड नेलं. काहीतरी बोलली. अगदी हळू. मी एवढी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं, बाकी कुणाला नाही. एक छान, साधं नाव होतं. ते तिने त्याच क्षणी ठेवलं नव्हतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. कोल्हापूरच्या मैत्रिणीने हात पुढे केला आणि आईच्या पाठीवर एक धपाटा दिला, अगदी हलका, नुसता हात टेकवल्यासारखा.

आईचा चेहरा सगळा ओला झाला होता. तिने वरवंटा परत माझ्या मांडीवर नीट ठेवला.

"धाकटीचं झालं," ती म्हणाली आणि बास्केटकडे हात केला. "आता थोरलीला दे इकडे."