भाऊजींच्या हाताची तपासणी

आमच्या शेजारच्या भाऊजींनी मोजून पाहिली नाही अशी वस्तू अख्ख्या पिंपरीत उरली नसेल. कंपनीत ते तयार माल तपासायचे, मायक्रोमीटर लावून केसाएवढा फरक पकडायचे आणि घरी आल्यावरही त्यांची तपासणी चालूच. त्यांच्या बायकोची, म्हणजे अक्कांची, भाकरी एका बाजूला जाड निघाली की म्हणायचे, "हा माल परत पाठवा." अक्का म्हणायच्या, "पाठवते की. मंग जेवा कंपनीतच."

एका वर्षी त्यांच्या छातीचे ठोके चुकायला लागले. डॉक्टरांच्या गोळीनं ठोके ताळ्यावर आले, पण दोनेक महिन्यांत हात थरथरू लागले. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं. भाऊजींना पटेना, त्यांचा संशय गोळीवर. हात असेच राहिले तर मायक्रोमीटर सुटणार आणि साहेब आपल्याला गेटवर बसवणार, ही त्यांना धास्ती. अक्कांना वेगळीच. "हात ऱ्हाऊ द्या तसंच, पन गोळी सोडायची न्हाई!"

"सोडत नाही गं. दोष कुणाचा ते आधी तपासतो."

मग रोज सकाळी आलेखाच्या कागदावर एक रेघ ओढायची, असं ठरलं. कंपनीत माल मोजताना शेजारी एक बिनचूक नमुना ठेवतात, त्याला मास्टर म्हणतात. इथं मास्टर म्हणून बसवलं मला. "वहिनींच्या शेवया बघा, काय हात आहे!" मी चौथी शिकलेली, परक्या माणसापुढं मान वर न करणारी. ते भिंग घेऊन समोर बसले की माझी रेघ त्यांच्याहून वाकडी यायची. आठवड्यानं त्यांनी निकाल दिला, "वहिनी गोळी घेत नाहीत, तरी रेघ वाकडी. म्हणजे गोळी निर्दोष. दोष चाळीच्या पाण्यात." दोन्ही घरांत पाणी उकळायला लागलं.

शेवटी अक्का कडाडल्या, "अवो, ती तुमाला लाजतीय! तोंड फिरवा तिकडं!"

भाऊजी भिंतीकडं वळून बसले. माझी रेघ सरळ आली. ती त्यांनी भिंगाखाली धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. मग म्हणाले, "म्हणजे माझेच हात."

महिन्याभराचे कागद त्यांनी डॉक्टरांपुढं मांडले. डॉक्टरांनी ते नीट पाहिले, हे वयानं नव्हे, गोळीनंच दिसतंय म्हणाले आणि गोळी निम्मी केली. ठोके ताळ्यावरच राहिले, रेघा हळूहळू सुधारत गेल्या.

एका संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर भाऊजी आमच्या दारात उभे राहिले. "वहिनी, आज मायक्रोमीटर नीट धरला," म्हणाले, आणि दोन्ही हात माझ्यापुढं सरळ धरून दाखवले.

"चहा टाकते," मी म्हणाले.

पुढं ते चिखलीला राहायला गेले. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी आपणहून बोलले ते तेवढंच.