मुअत्तरचे अकरा सलाम

दर नवरोजला दुपारी टीव्हीवर तो सिनेमा लागतो आणि आमच्या रिश्तान गावातल्या घराघरांतून एकाच वेळी हसू ऐकू येतं. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. ताश्कंदचा श्रीमंत मुलगा कुंभाराच्या घरी नोकर बनून राहतो, त्याच्या मुलीशी आधी भांडतो, मग तिच्या प्रेमात पडतो. आजोबा आजारपणाचं सोंग घेतात. गैरसमज होतो, मिटतो, लग्न होतं. शेवटी नवी सून अंगणात येऊन सासरच्या एकेकाला वाकून सलाम करते, ओढणी वर होते, नायिकेचा हसरा चेहरा दिसतो आणि सिनेमा संपतो.

वाकते ती नायिका नाही. ती माझी विद्यार्थिनी मुअत्तर.

शाळेत ती वहीच्या समासात डाळिंबाची फुलं काढायची. मी रागावले की खोडायची नाही. त्या फुलांना वळसा घालून पुढचं लिहायची. पुढे ती मातीच्या ताटांवर नक्षी काढायला कारखान्यात लागली. इक्रोम वीजखात्यात होता. त्या वर्षी वसंतात कारखान्यातली वीज वरचेवर जायची आणि दुरुस्तीला दर वेळी तोच यायचा. शेवटी त्याच्या घरून मागणी आली, दोन्ही घरच्यांनी मिळून नान मोडली आणि सोयरीक पक्की झाली. कापूस वेचून झाला की लग्न.

त्याच उन्हाळ्यात सिनेमावाले आले. त्यांच्या नायिकेला सलाम जमेना. नाटक संपल्यावर नट वाकतात तशी ती वाकायची, आणि बघायला जमलेल्या बायका रुमालात तोंड लपवून हसायच्या. इथं कुणाला येतं, असं दिग्दर्शकानं विचारलं तेव्हा सगळ्यांनी मुअत्तरकडे पाहिलं. तिनं आजीकडून सलाम असा उचलला होता की पाहणाऱ्याचं बोलणं थांबावं.

तिची आई ओयदिन नाही म्हणाली. सून होण्याआधी सलाम कसला, असं तिचं म्हणणं. मी शेजारीच होते. मीच तिला समजावलं, की ही नुसती नक्कल आहे, चेहरा झाकलेला असणार, आणि तू शिकलेली बाई असून असं काय बोलतेस. "आपा म्हणतायत तर करू दे," एवढंच ओयदिन म्हणाली.

मुअत्तर त्या दिवशी अकरा वेळा वाकली. कधी ऊन बदललं, कधी कोंबडी मध्ये आली. अकराव्या वेळी मात्र निराळंच घडलं. नवऱ्या मुलाचे आजोबा म्हणून आमच्या मोहल्ल्यातल्या तुर्सुनबोय बाबांना बसवलं होतं. समोर सून वाकली आणि कुणी सांगितलेलं नसताना म्हाताऱ्यानं सवयीनं हात पसरून तिला दुआ दिली. त्याच्याबरोबर अंगणातले सगळे हात पसरले गेले, कॅमेरा धरणाऱ्याचेसुद्धा. सगळे आमीन म्हणाले. दिग्दर्शक खूश झाला. सिनेमात तेच ठेवलं.

शरदात सिनेमाची सीडी बाजारात आली. इक्रोमची आई हनिफा खाला हिनं हौसेनं आम्हा बायकांना पाहायला बोलावलं. आम्ही पोट धरधरून हसलो. शेवट आला तेव्हा कुणीतरी म्हणालं, की खाला, ही बघा तुमची सून. हनिफाचा चेहरा फुलला. पण गादीवर टेकून बसलेल्या इक्रोमच्या आजीनं, सओदत बुवींनी, तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला. हे कुणाचं घर, हे सासरे कोण, असं विचारत राहिल्या. सगळ्या हसून सांगत होत्या, की बुवी, कुणीच नाही, सगळं खोटं आहे.

"तुर्सुनबोयनं दुआ दिली," बुवी म्हणाल्या. "तीही खोटी का?"

नक्कल म्हणजे काय, हे मी वर्गात वर्षानुवर्षं समजावत आले होते. मी चहाच्या पेल्यात पाहत राहिले.

"परक्या घरची सून म्हणून जिनं दुआ घेतली, ती माझ्या अंगणात पुन्हा वाकायला नको."

आठ दिवसांनी सोयरिकीत दिलेल्या सगळ्या भेटी कापडात बांधून मुअत्तरच्या घरी परत आल्या. सिनेमात अशा वेळी नायक धावत सुटतो. इक्रोम सायकलवरून कारखान्यात आला, एक दिवा चालू-बंद करून पाहिला, आजी ऐकत नाही म्हणाला आणि सायकलवरूनच गेला. दुसऱ्या वसंतात त्याचं लग्न झालं.

मुअत्तरला नंतर दोन बिजवर सांगून आले. तिनं नको म्हटलं. मोहल्ल्यात तिला सिनेमातली सून म्हणतात. लग्न ठरलेल्या मुली तिच्याकडे सलाम शिकायला येतात. लग्नात मात्र वधूची ओढणी बांधायला तिला कुणी पुढं बोलावत नाही.

यंदा नवरोजला मी तिच्याकडे सुमलकची, मोड आलेल्या गव्हाच्या खिरीची, वाटी घेऊन गेले होते. टीव्हीवर सिनेमा चालू होता. ती तो बंद करत नाही, कधी करतही नव्हती. तेवढ्यात हनिफा खाला आली. बरोबर नात होती, इक्रोमची थोरली. महिन्यानं तिचं लग्न.

"पोरीला जरा शिकव," हनिफा टीव्हीकडे बघत म्हणाली. "सासरचे म्हणतात, सिनेमातल्यासारखाच हवा."

मुअत्तरनं कुंचला धुतला, हात पुसले. "टीव्हीत बघून येत नाही तो. समोर सासू लागते. खाला, तुम्ही बसा."

हनिफा उभीच राहिली. नात म्हणाली, "बसा ना आजी." मग बसली.

मुअत्तरनं डोक्यावर रुमाल ओढला, हात छातीशी धरले आणि ती वाकली. सावकाश, तीनदा. रुमाल मागं सरकला तेव्हा तिचा भांग पांढरा झालेला दिसला. हनिफा गादीच्या काठाचा दोरा ओढत होती. तिनं मान वर केली नाही.

मुअत्तर सरळ झाली आणि मुलीकडे वळली.

"खाली जाताना श्वास सोडू नकोस, खांदे पडतात. चल, आता तू."