खाटेची चाकं

वृद्धाश्रमात तिला सगळे घड्याळबाई म्हणत. रात्रपाळीत दर दोन तासांनी ती अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येकाची कूस बदलायची. दोन म्हणजे दोन, सव्वादोन नाही. आधी हात घासून गरम करायचे, मग डायपर तपासायचा, मग कूस बदलून गुडघ्यांमध्ये उशी. बावीस वर्षांत तिच्या पाळीत कुणाच्या पाठीला जखम झाली नव्हती, आणि हे ती स्वतःच सांगत फिरायची. विनय वगैरे भानगडींना तिच्याकडे वेळ नव्हता.

पण कोपऱ्यातल्या खोलीतल्या ड्रायव्हरकाकांनी तिलाही घाम फोडला होता. जन्मभर बस चालवलेला माणूस, आता अर्धांगवायूने वाचा गेलेली. उजव्या कुशीवर एकदम शांत, पण डाव्या कुशीवर वळवलं की असे ओरडायचे की अख्खा मजला जागा व्हायचा. डावा खुबा दुखतोय, असं तिने ठरवून टाकलं. उशा बदलल्या, गादी बदलली, तीन आठवडे तेल चोळलं. ओरडणं तसूभरही कमी झालं नाही.

“मावशी, उद्यापासून काकांना झोपेचं औषध,” नर्सने सांगितलं. “डॉक्टरांनी लिहून दिलंय.”

ते औषध घेणारे दिवसाही पेंगतात, घास तोंडात तसाच राहतो, हे तिने पाहिलं होतं. काका अजून पोटभर जेवत होते.

“आजची रात्र माझी आहे ना, सिस्टर? उद्याचं उद्या बघू.”

बाराच्या फेरीला ती चादर झटकायला दोन खाटांच्या मध्ये उभी राहिली. काका उजव्या कुशीवरच होते, तरी ओरडले. ती बाजूला झाली, काका गप्प. पुन्हा मध्ये आली, पुन्हा ओरडणं. तिने मागे वळून पाहिलं. मागच्या खाटेवर काकू, काकांची बायको, गाढ झोपल्या होत्या. त्यांची आठवण पार गेलेली. नवऱ्यालाही त्या ओळखत नव्हत्या.

“अगं बाई! मी मेली खुब्याला तेल चोळत बसले, आणि डाव्या कुशीवर यांच्यासमोर भिंत येते, काकू दिसत नाहीत!”

नर्स धावत आली, सगळं ऐकून म्हणाली, “मग काय, डावी कूस बंद? पाठीची चाळण होईल.”

“चाळण होईल कशाला? खाटेला चाकं काय शोभेला लावलीत?”

तिने ब्रेक सोडला आणि खाट उलटी फिरवली. उशाकडची बाजू पायथ्याला गेली. मग काकांना डाव्या कुशीवर वळवलं. समोर पुन्हा काकू. नर्स दाराशी दहा मिनिटं थांबली. काकांनी डोळे मिटले होते. दोन वाजता पुन्हा खाट फिरली, चार वाजता पुन्हा.

सकाळी नर्सने औषधाचा कागद डॉक्टरांना परत दाखवायला बाजूला ठेवला. घड्याळबाई घरी निघाली होती, तेवढ्यात काकूंनी तिचा पदर धरला.

“बाई, तो माणूस सारखा माझ्याकडे बघतो. कोण आहे तो?”

“ड्रायव्हर आहे.”

“काय पाहिजे त्याला?”

“काही नको. तुम्ही जागेवर आहात ना, एवढंच बघतो.”

“मग बघू दे,” काकू म्हणाल्या, आणि हनुवटीपर्यंत आलेलं पांघरूण त्यांनी खाली सारलं.